चतुराबाईचे पंधरा दिवस

वाटूरपासून आठ किलोमीटर आत धनगरांची वस्ती आहे, पस्तीसेक घरांची. थंडीत तिथं कुणा म्हाताऱ्या माणसाचा ताप उतरला की घरचे निवांत होतात आणि चतुराबाईचं काम सुरू होतं. रोज सकाळी ती त्या दारात येते. काखेत लोकरीच्या सुताची लड असते. माणूस झोपलेला असला तर उठवते, चहा पीत असला तर तो संपेस्तोवर थांबते आणि मग म्हणते, धर.

लड धरणं म्हणजे काही मोठं काम नाही. चरख्यावर कातलेलं सूत सैल वेढ्यांनी गुंडाळून ठेवलेलं असतं. एकानं दोन्ही हात पुढं करून ते वेढे हातांवर अडकवून बसायचं आणि दुसऱ्यानं टोक ओढत त्याचा गुंडा वळायचा. वस्तीतल्या पोरीबाळी हे बसल्या बसल्या करतात. फक्त हात दोन्ही सारखे वर राहिले पाहिजेत. एक जरी खाली आला तरी वेढे घसरतात आणि सगळा गुंता होतो. चतुराबाई गुंडा वळत समोरच्याला बोलतं करते, त्याच्या सुनेची चहाडी करते, एकदा तरी त्याला हसवते. हसताना तोंड कुठल्या बाजूला जातं ते बघते आणि उठते. असं पंधरा दिवस.

बासष्ट वर्षांची ही बाई शाळेत गेलेली नाही. हे सगळं तिला शिकवायला तिचा नवरा बिरू मरावा लागला.

चार हिवाळ्यांमागची गोष्ट. बिरूला सर्दी-खोकला झाला, अंग तापलं. तसं तर सगळ्या वस्तीला झालं होतं. त्याची बीपीची गोळी चालू होती. पण तापाच्या गोळ्या सुरू झाल्या तशी ती त्यानं बंद केली. गोळीवर गोळी पोटात गरम पडते, हे वस्तीत लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांना पक्कं माहीत. ताप चौथ्या दिवशी उतरला. बिरू मेंढरं घेऊन माळावर जायला लागला. आणि आठव्या दिवशी सकाळी उठला तो तोंड वाकडं करूनच, उजवा हात लुळा.

वारं गेलं, असं सगळे म्हणाले. वारं गेलं म्हणजे काय करायचं हेही सगळ्यांना माहीत होतं. दारं लावायची, खिडकीला पोतं लावायचं, माणसाला घोंगडीत गुंडाळायचं, ओव्याची धुरी द्यायची. आतलं वारं निघायचं तर बाहेरचं लागू द्यायचं नाही. चतुराबाईनं घरातली सगळ्यात जाड घोंगडी काढली. तिचं सूत तिनंच कातलेलं. तीन दिवस तो त्या घोंगडीत होता. मंठ्याच्या पलीकडून एक औषधवाला आणला, त्यानं पारव्याच्या रक्तानं हात चोळला. चौथ्या दिवशी बिरू हाक मारली तरी ओ देईना, तेव्हा जालन्याला नेला.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं चतुराबाईच्या लेकीएवढ्या. त्यांनी पहिलंच विचारलं, याला शेवटचा चांगला कधी पाहिला? चतुराबाईला सांगता आलं नाही. बिरू पाच दिवसांनी गेला.

दहावं-बारावं आटोपलं आणि ही बाई एकटी एसटीत बसून जालन्याला त्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. तिला एवढंच विचारायचं होतं, की सर्दीनं माणसाचा हात कसा जातो. डॉक्टरीणबाईंना वाटलं भांडायला आली. मग त्यांनी स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. फ्लू म्हणा, करोना म्हणा, असल्या आजाराशी शरीर भांडतं तेव्हा रक्त खवळतं. त्यात गाठ धरायची ओढ वाढते, शिरा आतून सुजतात. ताप उतरतो, पण रक्ताची खवळ लगेच उतरत नाही. अशात एखादी गाठ मेंदूच्या शिरेत जाऊन अडकली की झालं. प्रत्येकाला होत नाही, पण ज्याचं वय झालंय, ज्याला बीपी-शुगर आहे, त्याला धोका जास्त. पहिले काही दिवस सगळ्यात वाईट, पुढंही दोन-चार आठवडे सांभाळायचं. बीपीची गोळी तर अशा वेळी मुळीच सोडायची नाही. आणि झालंच, तर तोंड, हात, बोलणं बघायचं, वेळ लक्षात ठेवायची आणि साडेचार तासांच्या आत इथं यायचं. गाठ विरघळवायचं इंजेक्शन तेवढ्यातच देता येतं.

चतुराबाईनं ते तीनदा सांगायला लावलं. वर, वारं कुठं असतं मंग, असंही विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वारं नसतंच, मावशी.

परतताना एसटीत ती वाटूर येईस्तोवर तोंड, हात, बोलणं, वेळ असं बोटांवर घोकत आली.

तेव्हापासून लड. पहिल्या वर्षी लोक तोंड चुकवायचे. सगळ्यात जास्त थट्टा करायचा तो तिचा धाकटा दीर संपत. अठ्ठावन्नचा गडी, सत्तर मेंढरं, आणि शीळ अशी की ओढ्यापलीकडचं कोकरू वळून यावं. तो लांबूनच हात पुढं करून यायचा, वैनी, तपासा, मला काल एक शिंक आल्ती. चतुराबाई हसायची नाही. तुझी पाळी येऊ नये म्हून देवाला सांगते, एवढंच म्हणायची.

गेल्या मार्गशीर्षात जत्रेहून वस्ती खोकतच परत आली. संपतला तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी उतरला तशी चतुराबाई लड घेऊन हजर. संपतनं हात धरले, तोंडानं बडबड चालूच. सहाव्या दिवशी ती आत गेली आणि कोनाड्यातलं त्याच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट बघून आली. चार गोळ्या जास्त होत्या.

"ह्या कामून राह्यल्या?" तिनं विचारलं.

"गरम पडू राह्यल्या, वैनी. ताप गेला की चालू करतो."

"ताप दोन दिवसांमागं गेला."

त्याची बायको बेबीनंदा चुलीपाशी होती. ती म्हणाली, बाई, पोटाला त्रास होतो त्यांच्या, मीच म्हणलं राहू द्या. चतुराबाईनं एक गोळी काढून संपतच्या हातावर ठेवली आणि तो गिळेस्तोवर तिथून हलली नाही. सातव्या आणि आठव्या दिवशीही तिच्यासमोरच घेतली.

नवव्या दिवशी सकाळी आठाला संपत अंगणात उन्हात बसला होता. लड अडकवली. तो सांगत होता की रात्री लांडग्यानं पलीकडच्या कळपात धिंगाणा घातला. बोलणं जरा जड येत होतं. चतुराबाईनं दहा-बारा वेढे ओढले असतील, तोच डावा हात हळूच खाली आला. वेढे घसरून मांडीवर पडले. संपतनं हात पुन्हा वर केला. पुन्हा खाली आला.

झोप न्हाई झाली रात्री, तो म्हणाला.

"शीळ घाल," चतुराबाई म्हणाली.

त्यानं ओठांचा चंबू केला. डाव्या कोपऱ्यातून नुसती हवा निघून गेली. त्यानं परत केलं. परत हवाच. कुत्रं उठून त्याच्याकडं बघायला लागलं. संपतच्या डोळ्यांत मग भीती आली. चतुराबाईनं सूत तिथंच टाकलं आणि बेबीनंदाला विचारलं, ह्यानं चहा कधी पेला, बशी कुठल्या हातानं धरली. बेबीनंदा म्हणाली, सव्वासातला, दोन्ही हातानं. चतुराबाईनं ते दोनदा वदवून घेतलं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. बेबीनंदा घोंगडी घेऊन आली, रडत दारं लावायला लागली. थोरला पोरगा भुजंग, तीस वर्षांचा, बागांतली मोसंबी जालन्याच्या बाजारात नेतो, त्यानं पिकअप काढली. बापाला उचलून पुढं बसवलं. पण तो मंठ्याच्या पलीकडं निघाला होता. त्याच औषधवाल्याकडं. त्याच्या सासऱ्याचं तोंड तिथंच सरळ झाल्तं म्हणे. चतुराबाई संपतच्या पलीकडं चढून बसली आणि त्याच्या अंगावरची घोंगडी ओढून पायापाशी टाकली. भुजंग म्हणाला, मोठीमाय, वारं लागंल. तिनं काच अजून खाली केली.

वाटूर फाटा येईस्तोवर वीस मिनिटं. फाट्यावर एक रस्ता जालन्याला जातो, एक मंठ्याकडं. भुजंगनं मंठ्याच्या बाजूचा दिवा लावला.

"गाडी बाजूला घे," चतुराबाई म्हणाली.

"टाइम जाऊ राह्यला, मोठीमाय."

"मला ठावं हाय टाइम जाऊ राह्यला. घे बाजूला."

त्यानं घेतली. मागून एसटीनं हॉर्न मारला.

"तुझ्या मोठ्या बापाला म्या तीन दिवस घोंगडीत झाकला," ती म्हणाली. "त्याच औषधवाल्याला म्याच बोलावलं. मला कळत नव्हतं, म्हून मी अजून जेवते, झोपते. तुला आत्ता मी सांगितलं. आता तुला कळत नव्हतं असं तुला म्हणता येणार न्हाई. कुठं वळायचं तिकडं वळ."

भुजंग स्टिअरिंग धरून बसला. सासऱ्याचं तोंड सरळ झालं होतं हे खरं होतं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. ते त्यानं सांगितलंही. चतुराबाई म्हणाली, झालं असंल. बिरूचं न्हाई झालं.

तेवढ्यात मधे बसलेला संपत बोलला. शब्द ओले, अर्धे बाहेर येत होते.

"जा... ल्ना," तो म्हणाला. "वैनीचं ऐक, गाढवा."

भुजंगनं दिवा बदलला.

दहाला ते दवाखान्यात होते. त्या डॉक्टरीणबाई आता तिथं नव्हत्या, एक तरुण डॉक्टर होता. त्यानं तोच प्रश्न विचारला. चतुराबाईनं उभ्या उभ्या सांगितलं. सव्वासातला बराबर होता, दोन्ही हातानं बशी धरली, त्याच्या बायकोनं पाहिलं. आठाला डावा हात पडला, मी पाहिलं. ताप सुरू होऊन आज नववा दिवस. बीपीची गोळी मधे चार दिवस चुकली. डॉक्टर लिहायचं थांबला आणि आपण कुठल्या दवाखान्यात काम करता, म्हणून विचारलं. मेंढरात, चतुराबाई म्हणाली.

मेंदूचा फोटो निघाला. पावणेअकराला इंजेक्शन गेलं. त्या औषधानं सगळं पहिल्यासारखं होईलच असं नाही, आणि त्यानं डोक्यात रक्तही फुटू शकतं, असं डॉक्टरनं आधीच सांगून भुजंगची सही घेतली होती. पण संध्याकाळी संपतचं तोंड पुष्कळ सरळ झालं. तिसऱ्या दिवशी तो भिंतीला धरून चालला. डावी मूठ अजून मिटत नव्हती. कोकराचा पाय त्या हातात राहणार नाही, हे त्याला कळलं होतं. तो उशीवर ठेवलेल्या हाताकडं बराच वेळ बघत बसायचा. रोज सांगतील तसा व्यायाम केला तर मूठ बरीचशी येईल, असं डॉक्टर म्हणाला. चतुराबाईनं बेबीनंदाकडं बघितलं. बेबीनंदा म्हणाली, करून घेते, बाई.

निघताना चतुराबाईनं डॉक्टरला गाठलं. ताप आल्यावर धावण्यापेक्षा ताप येऊच नये असं काही असतं का? तो म्हणाला, फ्लूची लस असते, दरवर्षी घ्यायची. साठीपुढच्यांनी, बीपी-शुगरवाल्यांनी तर घ्यावीच. आजार पूर्ण टळेलच असं नाही, पण जोर कमी होतो. त्यातून हा धोकाही कमी होतो. किती लोक असतील तुमच्याकडं?

तिनं बोटांवर मोजत नावं घेतली. एकोणीस झाली.

एवढ्या लगेच मिळणार नाहीत, मागवाव्या लागतील, गुरुवारपर्यंत येतील, असं डॉक्टर म्हणाला. ती दारात थांबलेल्या भुजंगकडं वळली आणि गुरुवारी पिकअप रिकामी पाहिजे म्हणाली. भुजंगनं हळूच सांगितलं की गुरुवारी वडीगोद्रीची मोसंबी उचलायचं ठरलं आहे, बागवाल्याला शब्द दिलाय.

"मोसंबी शुक्रवारी बी मोसंबीच राहती," चतुराबाई म्हणाली. "म्हाताऱ्यांचा मला भरोसा न्हाई. मागं पोती टाक, त्यांची ढुंगणं दुखतेत."

भुजंगनं बागवाल्याला फोन लावला.