वीस मिनिटांच्या मॅडम

मत्सरच करायचा तर आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मॅडमचा करावा. दुसऱ्या कोणाचा करणं म्हणजे मत्सराची नासाडी आहे. त्या अर्जुनी मोरगावला आल्या तोवर सलग अठरा वर्षं मधल्या सुट्टीत स्टाफरूममधला पहिला हात माझ्या डब्यात पडत होता. माझा पाटवडीचा रस्सा उघडला की हेडमास्तरही खुर्चीतून अर्धे उठत. रोज पहाटे पाचला उठून मी हे राज्य कमावलं होतं. या बाईंनी ते वीस मिनिटांत घेतलं, आणि तेही फ्रेंच स्वयंपाक करून!

आता अर्जुनीत फ्रेंच कुठून आलं, तर नागझिऱ्याच्या जंगलाजवळ मॅडमच्या भावाकडे पर्यटक उतरतात. तिथे आलेल्या एका फ्रेंच पाहुणीला तीन दिवस वाघ दिसला नाही. ती कंटाळून स्वयंपाकघरात शिरली आणि सुट्टीत तिथे गेलेल्या मॅडमना घाईच्या माणसांचं जेवण शिकवून गेली. त्या वाघाला मी अजून माफ केलेलं नाही.

मॅडमची खोली स्टेशनामागे, त्यामुळे स्वयंपाक घड्याळावर नाही, गाड्यांवर. सकाळची गोंदियाकडची गाडी आली की कढईत वांगी, दोडके, टमाटर. वीस मिनिटांनी उलट दिशेची गाडी गेली की गॅस बंद. याला त्या ‘रातातुई’ म्हणत. एकदा दुसरी गाडी लेट झाली आणि रातातुई बुडाला पार करपली. मनात म्हटलं, आज सुटले. पण मॅडमनी झाकण काढून शांतपणे सांगितलं, “याले थोडी धुराची चव पायजेच.” हेडमास्तर बोटं चाटत म्हणाले, “वा मॅडम, अशी चव आपल्या इकडं भेटतच नाही!” घरी वर्षानुवर्षं चुलीवरचं जेवणारा माणूस हा.

त्यांच्या कांद्याच्या सुपाबद्दल तर विचारूच नका. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ते भातावर ओतलं आणि भाजीची वाट बघत बसले.

“अजी, हे नुसतं प्यायचं असते,” मॅडम म्हणाल्या.

“मंग पोट कायनं भरते?” शिपाईकाकांनी विचारलं, आणि आणखी दोन वाट्या घेतल्या.

माझा डबा त्या दिवशी जसाच्या तसा घरी गेला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग मी घरी चोरून त्या आणायच्या तसं फ्रेंच ऑम्लेट करून पाहिलं, आतून ओलसर ठेवायचं असतं ते. नवऱ्याने ताटाकडे बघून विचारलं, “काऊन वं, गॅस संपला का?”

गेल्या उन्हाळ्यात मॅडमची बदली दरेकशाकडे झाली. मी पेढे तेवढे वाटले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांचं सामान बांधून झालेलं, डबा नव्हता; म्हणून मी माझा पुढे सरकवला, जरा तोऱ्यातच. त्यांनी वाटी बोटाने पुसून घेतली.

“किती वेळ लागते जी हे कराले?”

“दोन तास तं लागतेच,” मी अठरा वर्षांचा हिशेब चुकता करत म्हणाले.

“मले नाही होत मॅडम. एकटीच्या घरात वीस मिनिटांच्या वर गॅसपाशी उभी राहिली, का वाटते, कोणासाठी करून राहिली मी हे? मंग घास उतरत नाही.”

त्या हसल्या आणि भाताकडे वळल्या.

आता पहिला हात पुन्हा माझ्या डब्यात पडतो. हेडमास्तर अर्धे उठतात. बेसन, खोबरं, मसाला पिशवीत भरून रविवारी दरेकशाची गाडी धरावी, त्यांना नुसतं बसवून ठेवावं आणि त्यांच्या गॅसपाशी दोन तास उभं राहावं, असं दर शनिवारी ठरवते. अजून गेलेले नाही. तिथल्या शाळेतही सगळे त्यांच्याच डब्यावर तुटून पडत असतील, हे ऐकायची माझी अजून तयारी नाही.