नखावर न टिकणारी रेघ

सासूबाईंनी पुढची खोली मला दिली, तेव्हा आपलं शिलाई मशीन स्वतःच ओढत आत नेलं. “दिवाळीपतोर बघ जमतंय का,” एवढंच म्हणाल्या. पुण्यात नखं रंगवायचा महिनाभराचा क्लास करून आलेली मी, मला वाटलं दिवाळी कशाला, महिन्याभरात कोल्हापूर गाजवते.

माझा सगळा जीव मॅग्नेटिक जेलवर. या जेलमध्ये लोखंडाची बारीक पूड असते. नखावर ओला थर द्यायचा आणि त्याच्याजवळ लोहचुंबक धरायचं. पूड सरकते आणि नखाच्या मधोमध उजेडाची एक रेघ उभी राहते. बोट हलवलं की रेघही हलते. मग हात लॅम्पखाली ठेवायचा, जेल कडक होतं आणि रेघ तिथंच पक्की होते.

प्लास्टिकच्या नखांवर सराव करताना रेघ सुरीनं ओढल्यासारखी यायची. गिऱ्हाईक बसलं की मात्र माशी शिंकायची. रेघ फिसकटायची आणि नखभर नुसती चकाकी पसरायची. “चांगलं दिसतंय की,” असं म्हणून बायका जायच्या, पण परत कोणी यायचं नाही. मी बाटली बदलली, लोहचुंबक बदललं. मग गिऱ्हाइकांच्या हातांनाच दोष द्यायला लागले, की जिवंत हात गरम असतो म्हणून रेघ पसरते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! चिडून एकदा लोहचुंबक भिंतीवर फेकलं, तर ते उडून तिजोरीच्या कपाटाला चिकटलं. सासूबाईंनी ते सोडवून टेबलावर आणून ठेवलं.

अशात कबनूरची एक नवरी आली. लग्न दोन दिवसांवर. तिला शालूसारख्या बाटलीहिरव्या रंगावर तीच रेघ हवी होती. बरोबर आई आणि मावशी. मी मनाशी ठरवून टाकलं, हीही नखं बिघडली तर बाटल्या गुंडाळायच्या आणि शिलाई मशीन होतं तिथं परत आणून ठेवायचं.

उजव्या हाताची पाचही नखं रंगवली. एकेका नखावर लोहचुंबक धरलं. रेघा उभ्या राहिल्या. नवरी “अय्या!” म्हणाली आणि तेवढ्यात सासूबाई ट्रे घेऊन आल्या. “घे बाळ, आधी चहा घे. गार हुईल.” नवरीनं डावा हात कपाकडे नेला.

“ट्रे माघारी न्हे!”

खिडकीबाहेर कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले माझे सासरे ओरडले होते. शिरोलीच्या फौंड्रीत साच्यांमध्ये लोखंडाचा रस ओतण्यात त्यांचा जन्म गेलेला. नखांच्या या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण लोखंडाच्या पुडीचं माझं पुराण खिडकीतून रोज त्यांच्या कानावर पडायचं. “रस वतताना कोण चहा पितंय व्हय? लोखंड थांबतंय व्हय तुमच्यासाठनं? पोरी, हात घाल आधी दिव्याखाली!”

पावण्यांच्या पुढचा चहा मागं न्यायचा, तोही आमच्याकडं! नवरीच्या आईचं तोंड एवढंसं झालं. मावशीनं पर्स मांडीवर घेतली. मी नवरीचा हात लॅम्पखाली घातला आणि त्याच क्षणी माझ्याही डोक्यात उजेड पडला. प्लास्टिकच्या नखांना आमच्या घरात कोणी चहा देत नव्हतं! क्लासच्या बाईंनी “लगेच लॅम्प” असं दहादा बजावलं होतं. पण आमच्याकडं लगेच म्हणजे चहा झाल्यावर. प्रत्येक गिऱ्हाईक ओली नखं पसरून एका हातानं चहा प्यायचं, वर दोन बिस्किटं खायचं, आणि तोवर ती पूड बिचारी सगळीकडे फिरून यायची.

डाव्या हाताचं एकेक बोट घेतलं. रंग, लोहचुंबक, लॅम्प, मग पुढचं बोट. दहा नखांवर दहा रेघा उभ्या राहिल्या. नवरी खिडकीशी जाऊन हात उलटेपालटे करत बसली. तिची आई रुसलेली होती, तिनं लेकीची बोटं हातात घेतली आणि हळूच विचारलं, “माझी बी कराल?” मग सगळ्यांचा चहा झाला, दोनदा झाला.

कट्ट्यावर जाऊन मी सासऱ्यांच्या पाया पडले. ते संकोचले. “मला नखातलं काय कळतंय? लोखंड तेवढं कळतंय,” म्हणाले आणि पेपर तोंडापुढं धरला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

सासूबाई मात्र आत पाठमोऱ्या कप विसळत होत्या. “इतकं दिवस मीच आडवी येत हुतो व्हय गं?” त्यांनी न वळता विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं, पण जमलं नाही. “व्हय आई,” मी म्हटलं. “पण मला तरी कुठं कळलं? आणि पावण्यांपुढं तुमचा चहा परत गेला, त्याचं वाईट वाटतंय मला.”

त्यांनी पदराला हात पुसले. “पावणी बिनचहाची गेली असती तर चार दिस बोलणी खाल्ली असती मी,” त्या म्हणाल्या. “पण तू हात टेकल्यालं मला बघवलं नसतं.”