काही झालंच नव्हतं असं बॉनेट

रुमालकाकांना रुमालकाका म्हणत ते काही त्यांना बारमाही सर्दी होती म्हणून नव्हे. गाडीचा पत्रा तपासताना ते तळहाताखाली पातळ सुती रुमाल धरत, डोळे मिटत आणि हात हळूहळू पुढे सरकवत. नुसत्या हाताला जे कळत नाही ते रुमालातून कळतं, असं त्यांचं म्हणणं. आणि तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? गाडी कुठे ठोकली होती, कुठे पुट्टी भरली, कुठे दुसऱ्यांदा रंग मारला, हे ते इतक्या शांतपणे सांगत की गाडीचा भाव उतरायच्या आधी मालकाचा चेहरा उतरे.

रंगकाम त्यांनी नऊ वर्षांपूर्वी एकाएकी सोडलं. थिनरचा वास सोसत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. आता ते गाडीवेड्यांच्या एका मंडळाचे तपासनीस होते. मंडळ दर रविवारी सकाळी एका इमारतीच्या पार्किंगमध्ये भरे. तिथे इटालियन गाड्यांचा पक्ष आणि जर्मन गाड्यांचा पक्ष अशी दोन हाडवैरी घराणी नांदत. "तुमची शून्य ते शंभर तीन पूर्णांक चार सेकंद, आमची तीन पूर्णांक एक!" असा शंभरचा वेग गाठायचा हिशेब छाती काढून सांगणाऱ्या सेक्रेटरीला दारातला गतिरोधक ओलांडायला चार मिनिटं लागत, कारण गाडीचं पोट जमिनीला टेके. मंडळातले एक दंतवैद्य आपली गाडी ढगाळ हवेत बाहेर काढत नसत. स्वतःला पडसं झालं तरी चालेल, तिला होता कामा नये. पण प्रेम खरं होतं. इंजिन सुरू झालं की पन्नाशीची ही माणसं एकमेकांचे दंड धरून श्वास रोखत.

अलीकडे मात्र या प्रेमात बाजार शिरला होता. विजेच्या गाड्या आल्या, म्हणजे गुरगुरणाऱ्या गाड्या दुर्मिळ होणार. त्यातही जिच्या अंगावर अजून कारखान्याचाच रंग आहे, तिला दीडपट भाव. त्यामुळे मंडळातला प्रत्येक सौदा शेवटी काकांच्या रुमालाखाली येई.

त्या हाताचं एक दुखणं मात्र मंडळाला ठाऊक नव्हतं. काकांचा हात कुठेही फिरला की खळग्यात उतरे. जेवणाच्या टेबलावर, फ्रिजच्या दारावर, उशीवर. एक मोठा, लांबट खळगा, आणि त्याच्या वर डावीकडे एक लहान, वाटीएवढा. डोळे उघडले की टेबल सपाट. मिटले की खळगा हजर. एकदा काका पाठ चोळून देत असताना काकू म्हणाल्या, "अहो, माझी पाठ चोळताय की बॉनेट तपासताय?" काकांनी हात झटकन मागे घेतला, तो पुन्हा ठेवला नाही.

नऊ वर्षांपूर्वी भर दुपारी एक चकचकीत बुटांचा गृहस्थ त्यांच्या वर्कशॉपमध्ये आला होता. गाडी त्याने स्वतःच चालवत आणली. सावलीत काळी, उन्हात निळी. बॉनेट दबलेलं.

"नवं बॉनेट मागवू नका," तो म्हणाला. "मागवलं की कंपनीत नोंद होते. हेच करा. असं करा, की काही झालंच नव्हतं."

काकांनी सांगितलेला आकडा त्याने भुवईसुद्धा न हलवता मान्य केला. काकांनी काही विचारलं नाही. खरं म्हणजे ते त्या कामावर भाळले होते. अॅल्युमिनियमचा पत्रा, आततायीपणा केला तर तडकणारा. तो त्यांनी तीन आठवडे शेकत, ठोकत वर आणला. निळा रंग अकराव्या खेपेला जुळला. वरच्या चकाकीचा, लॅकरचा शेवटचा हात ओला असताना, मागच्या कडेला रबरी पट्टीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी त्यांनी अंगठा टेकवला. ही त्यांची सही. ते आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम होतं, आणि ते त्यांचं शेवटचं ठरलं. कारण पत्रा आतून ठोकताना बाहेरून तो खळगा रोज त्यांच्या तळहातात येत होता, आणि कुशीवर झोपलेला माणूस केवढी जागा घेतो आणि त्याचं डोकं कुठे येतं हे कुठल्याही विवाहित पुरुषाला कळतं.

घरी त्यांनी सांगितलं, "खांबाला धडकलीय."

दोन दिवसांनी काकूंनी धुवायला घेतलेल्या त्यांच्या पँटच्या खिशातून एक तपकिरी बटण काढलं. वायपरखालच्या फटीत ते अडकलेलं होतं. काकांनी काढून खिशात टाकलं, आणि फेकायचं राहिलं. बटणात अजून दोरा होता, दोऱ्याला कापडाची चिंधी.

"खांबाला बटणं असतात का हो?" काकूंनी विचारलं.

काका आंघोळीला निघून गेले. त्यानंतर या विषयावर घरात कुणी बोललं नाही.

आणि या रविवारी एका व्यापाऱ्याने पार्किंगमध्ये गाडी आणली. नंबर वेगळा, मालक तिसरा. सावलीत काळी, उन्हात निळी.

"एकाही पॅनेलला हात लागलेला नाही!" व्यापारी म्हणाला. दंतवैद्य घेणार होते. त्यांचे डोळे आधीच पाणावले होते. सेक्रेटरीने रंगाची जाडी मोजायचं यंत्र बॉनेटला टेकवलं. "एकशे बारा मायक्रॉन. इथेही एकशे बारा. कारखान्याचा माल! काका, तुम्ही आपला रुमाल फिरवा, की पेढे... म्हणजे सह्या करून टाकू."

काकांनी रुमाल काढला. डोळे मिटले. बॉनेट आरशासारखं सपाट होतं. जगात एवढी एकच जागा, जिथे हाताला खळगा लागला नाही. खळगा इथून निघून त्यांच्या घरी राहायला आला होता.

'मूळ रंग' एवढे दोन शब्द बोलायचे होते. यंत्रही तेच म्हणत होतं. नाही बोलले, तर नाव जाणार, कदाचित बेड्या पडणार.

"बॉनेट रंगवलेलं आहे," काका म्हणाले.

"काका, यंत्र काय खोटं बोलतंय?"

"यंत्र बरोबर आहे. मी रंगवलंय. नऊ वर्षांपूर्वी."

त्यांनी मागची रबरी पट्टी अलगद उचलली. उन्हाच्या तिरिपेत लॅकरमध्ये एक अंगठा स्पष्ट उमटलेला होता. काकांनी त्यावर आपला अंगठा ठेवला. सगळे वाकून बघू लागले.

"अफाट!" सेक्रेटरी पुटपुटला. "नऊ वर्षांत कुणाला कळलं नाही? काका, तुम्ही थोर आहात!"

"भाव किती टक्के पडेल?" दंतवैद्यांनी विचारलं.

"वीस," व्यापारी घाईने म्हणाला. "पंधराच धरा. खांबाला वगैरे घासली असेल."

पंधरा की वीस यावर जोरदार चर्चा सुरू झाली. इटालियन आणि जर्मन पक्ष प्रथमच एका बाजूला आले. काका वाट बघत उभे राहिले. कुणीतरी विचारेल, कशाला धडकली होती? कुणी विचारलं नाही. त्यांनी रुमाल घडी करून बॉनेटवर ठेवला आणि ते चालत घरी आले.

काकू भाजी निवडत होत्या.

"ती गाडी आली होती आज," काका म्हणाले. "खांब नव्हता."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून शिवणाचा डबा काढला. बटणांच्या ढिगात ते तपकिरी बटण नव्हतं. तळाशी कागदाच्या पुडीत वेगळं ठेवलेलं होतं, चिंधीसकट. त्यांनी चपला घातल्या. "चला. एकटे गेलात तर वाटेत तुम्हाला थिनरचा वास यायला लागेल."

पोलीस चौकीत टेबलामागच्या हवालदाराने कंटाळत वही उघडली. काकांनी सुरुवात केली. महिना सांगितला, वर्कशॉपचा पत्ता सांगितला, गाडीचं नाव सांगितलं. हवालदाराचा पेन थांबला. तो खुर्चीत पुढे सरकला.

"ती? निळी? काय सांगता!" त्याचे डोळे चमकले. "शून्य ते शंभर किती हो तिचं?"

काकांचा तळहात टेबलावर होता. लाकडात खळगा होता. मोठा, आणि वर डावीकडे लहान.

काकूंनी पुडी सोडली आणि बटण वहीच्या कोऱ्या पानावर ठेवलं.

"आधी हे लिहा," त्या म्हणाल्या.