घंटा उत्तरेला, फरशा दक्षिणेला

बू विनारसिह निवृत्त झाल्या तेव्हा सुराबायाच्या बंदरावर त्यांची तेहेतीस वर्षं भरली होती. त्यातली एकतीस वर्षं त्या मालाच्या मांडणीच्या टेबलावर होत्या. कुठल्या कंटेनरमध्ये काय, कशाच्या आधी काय, कशावर काय रचायचं नाही, हे सगळं त्या ठरवायच्या. कुपांगचं सिमेंट, तेर्नातेच्या सायकली, लग्नांच्या खुर्च्या. एकदा तर अख्खी सर्कस, प्राणी वगळून. मी रोकिम, त्यांचा टॅली क्लार्क, म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येक नगावर खूण करणारा. मी मदुरा बेटावरचा, डोक्याने गरम. त्या जावाच्या, हसत हसत माणसाची सालटी काढणाऱ्या. आमचं रोज वाजायचं आणि दुपारी एका ताटातलं सोयाबीनचं तेंपे खाताना मिटायचं.

पण ते टेबल त्यांना सहजासहजी मिळालं नव्हतं. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, कंपनीत टायपिस्ट होत्या आणि आम्ही त्यांना 'म्बाक विनार', म्हणजे विनारताई, म्हणायचो; 'बू' म्हणायचं ते मोठ्या मानाच्या बाईला. मांडणी करणाऱ्या म्हाताऱ्या कार्योनोंना दिसेनासं झालं आणि दुसरं कोणी मिळेना, म्हणून मालक को हुआतने नाइलाजाने त्यांना बसवलं. "तीन महिने बघतो. एक कंटेनर चुकला की परत टाइपरायटर," तो म्हणाला.

हमालांचा मुकादम चाक कासानने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. चाक म्हणजे दादा; चिनी मालकाला तेच को. "आता टायपिस्टबाई आम्हाला गोणी उचलायला शिकवणार!"

"छे हो, चाक कासान. उचलायचं तुम्हीच. मी फक्त कुठे ठेवायचं ते सांगणार. घरी वहिनी सांगतात तसंच."

टोळीतले अठराच्या अठरा जण खो खो हसले. कासान दोन दिवस फुगून बसला.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घंटा आली. माउमेरेच्या नव्या चर्चची, चारशे किलोची. रविवारी बिशपच्या हस्ते ती चढवायची होती. त्याच कंटेनरमध्ये कुपांगला जाणाऱ्या फरशांची सहाशे वीस खोकी भरायची होती. जहाज आधी माउमेरेला लागणार, तिथे पाच तास थांबणार, मग पुढे कुपांग. कंटेनरला दार एकच, तेव्हा घंटा दाराशी हवी. म्बाक विनारनी कागदावर लिहिलं, 'घंटा उत्तरेला, फरशा दक्षिणेला.'

आमच्याकडे डावं-उजवं कोणी म्हणत नाही. पाठ खाजवून घेतानाही माणूस 'जरा पूर्वेला' म्हणतो. आणि आमच्या गोदामात ट्रेलर नेहमी असा लागायचा की कंटेनरचं दार उत्तरेलाच यायचं. त्या दिवशी मात्र उत्तरेच्या अंगाला गटार खणून ठेवलं होतं, म्हणून ड्रायव्हरने ट्रेलर उलटा लावला. कासानच्या टोळीने कागद वाचला आणि घंटा इमानेइतबारे उत्तरेला ठेवली, म्हणजे पार आतल्या टोकाला. मग दक्षिणेला दारापर्यंत फरशा रचल्या. मीही समोर उभा राहून खुणा करत गेलो. दार दक्षिणेला होतं, ते मला दिसत होतं. तरीही काही चुकतंय असं माझ्या डोक्यात आलं नाही. उत्तर ती उत्तरच.

दुसऱ्या दिवशी माझा कागद तपासताना 'ट्रेलर उलटा' एवढे दोन शब्द त्यांनी वाचले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जहाज पहाटेच सुटलं होतं.

"गप्प बसा," मी म्हणालो. "तिथे कोण विचारतंय?"

"घंटा उतरली नाही तर अख्खं गाव विचारेल, रोकिम."

त्या तडक मालकाकडे गेल्या आणि सगळं सांगून आल्या. मग माउमेरेच्या एजंटाला, ओम म्हणजे काका फाबियानुसला, फोन लावला.

"ओम, घंटा आत अडकलीय. पुढे सहाशे वीस खोकी आहेत."

"अरे देवा! माझ्याकडे हमाल नऊ, म्बाक. त्यातले दोघे कामचुकार."

"घंटा न्यायला धक्क्यावर कोण कोण येणार आहे?"

"कोण म्हणजे? सगळेच! शाळा, सिस्टर लोक, बँड..."

"मग सगळ्यांना रांगेत उभं करा आणि खोकी हातोहात बाहेर काढा. बँड ठेवा घरी."

"बँड घरी ठेवला तर आमच्याकडे कोणी हात हलवत नाही, म्बाक. बँड येणार!"

पुढचे तीन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. आधी नुसतेच कर्णे आणि ढोल ऐकू आले, मग फाबियानुस ओरडला, "उतरली! खोकी परत आत गेली, एक फरशी फुटली नाही! बिशपसाहेबांनीही वीस खोकी पुढे दिली. आता कंबर धरून बसलेत!"

आमचा जीव भांड्यात पडला, पण को हुआत विसरला नव्हता. त्याने सगळ्यांना गोदामात बोलावलं. "भरलं कोणी?" त्याने विचारलं. माल चुकला की त्या टोळीला आठवडाभर घरी बसवायचं, ही आमची जुनी रीत. कासान मान खाली घालून उभा राहिला.

"टोळीने लिहिलं तेच केलं," म्बाक विनार म्हणाल्या. "चूक लिहिण्यात होती. 'दाराशी' आणि 'आत' असं लिहायला हवं होतं. लिहिलं मी."

"आणि दार मला दिसत होतं," मी कसाबसा म्हणालो. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

"मग ठरल्याप्रमाणे," को हुआत म्हणाला. त्यांनी मांडणीची वही त्याच्या हातात दिली, टाइपरायटरपाशी जाऊन बसल्या आणि कागद चढवला. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेर्नातेचा माल भरायचा होता. कासानने मांडणीचा कागद वाचला, घडी घातली आणि एका गोणीवर बसून लवंगी सिगारेट पेटवली. त्याच्यामागे अठराही जण बसले.

"ही मांडणी कोणाची?" त्याने विचारलं.

"माझी," को हुआत म्हणाला. "का?"

"मग तुम्हीच भरा, को." कासानचा आवाज चढला नव्हता. "एकोणीस वर्षं भरतोय मी. चुकलं की आम्ही घरी. घरी पोरं विचारतात, बाबा, काय केलंत? आणि मलाही वाटायचं, केलंच असेल आपण काहीतरी. टेबलावरून उठून 'माझं चुकलं' म्हणणारं माणूस मी या गोदामात पहिल्यांदा पाहिलं. त्यांना बोलवा, मग उठतो."

को हुआत वही काखेत मारून स्वतःच ऑफिसात गेला. आत टाइपरायटर वाजत होता, तो थांबला.

म्बाक विनार वही घेऊन बाहेर आल्या आणि थेट कंटेनरपाशी जाऊन दार कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहिलं. त्यांना खुर्ची आणायचं कोणालाच सुचलं नाही. कासान उठला, आपण बसलो होतो ती गोणी हाताने झटकली आणि "बसा, बू," म्हणाला. त्याआधी त्यांना बू कोणी म्हटलं नव्हतं. त्या गोणीवर बसल्या, वही उघडली आणि रडायला लागल्या. आम्ही वीस बाप्ये समुद्राकडे बघत उभे राहिलो.