बाबांची मुलाखत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचं-माझं तोंड रोज एकमेकांना दिसत नाही.

आयटीत नवी नोकरी लागली होती, शनिवार मोकळा असायचा. कैद्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी जायला लागले. माझ्याकडे कविता होती — चौथीतली, खडकीला आजीजवळ राहणारी. आजीचे गुडघे गेलेले, म्हणून कविताला तुरुंगात वडिलांना भेटवून आणायचं काम माझं. घरी आणि सोसायटीत मात्र मी 'अनाथ मुलांना शिकवते' एवढंच सांगितलं होतं. अनाथ म्हटलं की लोक हळहळतात. कैद्याची मुलगी म्हटलं की काय करतात, ते सांगायला हवं का?

तुरुंगातल्या भेटीला मुलाखत म्हणतात. या शब्दाचा दुसरा काही अर्थ असतो, हे कविताच्या गावीही नव्हतं.

एका शनिवारी बसमध्ये सोसायटीतल्या काकू भेटल्या. "काय गं, कुठे निघालात दोघी?" मी तोंड उघडायच्या आत कविता म्हणाली, "बाबांच्या मुलाखतीला."

"अरे वा. कुठल्या कंपनीत?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "खराडीला, नवीन कंपनी आहे." आणि कविताचा हात दाबला. काकू उतरता उतरता तिला म्हणाल्या, "बाबांना ऑल द बेस्ट सांग हं."

तिनं सांगितलं. जाळीपलीकडे वडील येऊन उभे राहिले तशी हसत म्हणाली, "बाबा, ऑल द बेस्ट. ताईंनी सांगितलं, तुम्ही कंपनीत आहात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग तिला अभ्यासाचं विचारत राहिले.

पुढच्या वेळी ते आलेच नाहीत. शिपायानं निरोप दिला: पोरीला आणू नका, तिला माझी लाज वाटायला लागलीय.

लाज कुणाला वाटत होती? ते मला ठाऊक होतं. 'तिला नाही हो, मला,' एवढा उलट निरोप धाडायचा होता. मी नाही धाडला. संस्थेत मी म्हणाले, "वडीलच नको म्हणतात." सगळ्यांनी त्या माणसाला नावं ठेवली, मीही मान डोलावली.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये कवितानं विचारलं होतं, "ताई, मी कंपनीचं बोलले म्हणून ना?"

"तसं काही नसतं गं," मी म्हणाले. तिला ते पटलं नाही. नंतर तिनं कधी तो विषय काढला नाही. वडील सुटले ते परस्पर गावी गेले आणि तिकडेच वारले. ती त्यांना पुन्हा भेटली नाही.

आता संस्थेत नवीन येणाऱ्यांना मीच शिकवते. मुलांशी खोटं बोलू नका, हे पहिल्याच दिवशी सांगते.

मागच्या महिन्यात कविताचा फोन आला. कॉलेज संपलंय, नोकरी शोधतेय. म्हणाली, "ताई, उद्या माझा इंटरव्ह्यू आहे." हल्ली सगळेच इंटरव्ह्यू म्हणतात, मला माहीत आहे. पण ती बोलता बोलता 'मुला—' म्हणून थांबली होती, आणि मग इंटरव्ह्यू म्हणाली.