नखाचा रंग

"नख दाखवा," हे त्यांचं पहिलं वाक्य. जयभीम, कसं काय, पाणी द्या, हे सगळं त्याच्यानंतर. तुम्ही हात पुढे करायच्या आत ते तुमचं बोट धरत, नखावर अंगठा दाबून सोडत, आणि पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी होईपर्यंत टक लावून बघत. मग म्हणत, "हां, रंग आला. बोला आता."

माझा हात कधीच मोडलेला नव्हता, तरी माझं नख त्यांनी शेकडो वेळा दाबलं असेल. मी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. ते अंबरनाथहून सायकलवर यायचे. सगळी नोकरी कारखान्यात फिटर म्हणून झालेली, आणि सासऱ्यांकडून हाडं बसवायला शिकलेले. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो.

तुम्ही म्हणाल, हाडवैद्याचं एक्स-रे सेंटरमध्ये काय काम? मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं. एका हमालाला घेऊन आले होते. मी म्हटलं, "तुम्ही तर बोटांनीच ओळखता म्हणे. मग फोटो कशाला?"

"बोटांना वाटतं ते खरं असतंच असं नाय, ताई. काढा फोटो."

फोटोच्या आधी ते चाचपून सांगायचे, मोडलंय की नुसतं मुरगळलंय. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं तर मात्र ते जास्त खूश व्हायचे. "बघा, वाचलो!" म्हणायचे. पेशंट वाचला की हे वाचले, मला कळायचं नाही.

मोडलेलं निघालं की पेशंटची रवानगी खालच्या मजल्यावर, हाडांच्या डॉक्टरांकडे. हे डॉक्टर सिंधी, तोंडाने तिरसट, मनाने चांगले. पहिल्यांदा वैतागले, "ये कौन है? हाडवैद्य मेरे पास पेशंट भेजता है?" वर्षभरात तेच डॉक्टर प्लास्टर काढल्यावर आखडलेले कोपर काकांकडे पाठवायला लागले. "काका को दिखाओ. तेल लगाके रोज थोडा थोडा खोलेंगे. मेरे पास उतना टाइम किधर है?" काकांनी घरच्या कुंडीतली कांडवेल दाखवून विचारलं, ही हाडाला चालते ना. डॉक्टर म्हणाले, "चलेगा, लेकिन मेरी गोली बंद नहीं करने का." काकांनी ती अट पेशंटांना माझ्यासमोर दरडावून सांगितली. असं त्या दोघांचं जमलं. त्यावर सभा झाली नाही की कुठे पाटी लागली नाही.

बसणं मात्र या माणसाला ठाऊक नव्हतं. बाकावर टेकले की उठले. मुरगळलेल्या पायाला साधी पट्टी बांधली तरी सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या घरी चक्कर. एक पेशंट कॅम्प पाचला, दोन अंबरनाथला, मधेच एखादा थेट बदलापूरला. मी चिडवायची, "काका, पोस्टमनसुद्धा दिवसातून एकदाच येतो हो."

"मला चैन नाय पडत," म्हणायचे आणि सायकल स्टँडवरून काढायचे. मला तो नाद वाटायचा. म्हातारपणी लागतो एकेकाला एकेक.

दोन वर्षांपूर्वी माझी आई बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट. आईचा एकच हेका: काकांना बोलवा, प्लास्टर नको. फोटो मीच काढला. काकांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि परत दिला.

"मोडलंय, पार सांध्यात गेलंय. मी हात नाय लावणार."

"मग काय उपयोगाचे तुम्ही?" आई तडकली.

"एवढाच, आक्का."

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. दुपारी काका घरी हजर. नख दाखवा. रंग आला. संध्याकाळी पुन्हा. रंग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई कण्हत होती, बोटं सुजून चकचकीत झालेली. मी दुखायची गोळी देऊन कामावर निघाले होते, पर्स खांद्याला. काकांनी नख दाबून सोडलं. बराच वेळ ते पांढरंच राहिलं. त्यांनी आईचं मधलं बोट हळूच सरळ केलं, तशी आई किंचाळली.

"चला, प्लास्टर फोडून घ्यायचं."

"काका, कालच घातलंय. हात लावू नका म्हणून सांगितलंय. थोडं दुखणारच ना."

इतकी वर्षं दवाखान्यात काढलेली बाई मी, मला एका फिटरने शिकवायचं? हे बोलले नाही, पण मनात आलं. खोटं कशाला सांगू?

काका खाली बसले. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

"सासऱ्यांनी मला शिकवलेलं, नऊ दिवस पट्टी सोडायची नाय. कोण कितीबी रडूदे. एका पोरीचा हात मी बांधला. तीन दिवस रडत होती. घरातले म्हणले, सोडा. मी म्हणलो, थोडं दुखणारच." त्यांनी आईच्या हाताखाली उशी सरकवली. "पोरगी माझीच, ताई. जीन्सच्या कारखान्यात शिलाई करायची. परत मशीनवर नाय बसली."

मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी प्लास्टर उभं चिरलं, आतला कापूसही कापला. अडलेलं रक्त मोकळं झालं, हळूहळू बोटांना रंग आला. "अच्छा किया, काका. शाम तक रुकते तो हाथ जाता," डॉक्टर म्हणाले. ऐकायला काका होते कुठे? बाहेर पॅसेजमध्ये येरझारा घालत होते.

त्या हाताने आई आज पोळ्या लाटते. आणि मला चैन पडत नाही. प्लास्टर घातलेला कुणीही पुन्हा फोटोला आला की माझा अंगठा आधी त्याच्या नखावर जातो. मालक कुरकुरतात, बाहेर रांग लागलीय म्हणून. लागू दे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. छातीत दुखायला लागल्यावर स्वतःच्या पायाने हॉस्पिटलला गेले आणि तिथेच संपले. मी अंबरनाथला त्यांच्या घरी गेले. दारात सायकल, कुंडीत कांडवेल. दार मुलीने उघडलं. मी एक्स-रे सेंटरची म्हणून ओळख सांगितली. चाळिशीची असेल. चहा डाव्या हाताने दिला. उजवा पदराखाली.

"आईंची बोटं कशी आहेत?" तिने पहिलं हेच विचारलं.

मला रडू आवरलं नाही. तीच माझी समजूत घालायला लागली. म्हणाली, "बाबा रोज सकाळी माझं नख दाबून बघायचे. मी म्हणायची, बाबा, आता काय बघता? तर म्हणायचे, रंग येतोय की गं."

मग तिने पदराखालचा हात काढून माझ्यापुढे धरला. बोटं तळव्याकडे वळलेली, घट्ट. "ते गेल्यापासून कुणी बघितलंच नाही," ती म्हणाली.

मी तिच्या नखावर अंगठा दाबला आणि सोडला. नख पांढरं झालं, आणि लगेच गुलाबी.

"आला," मी म्हटलं.

बोटं तशीच मिटलेली होती.