उघडून बघा की

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी ऑर्डरींची वेबसाइट बसवायला गेलो होतो. मालकांना दाखवताना ऐन वेळी पान अडकलं. तासभर मी तेच बटण दाबत बसलो.

तेवढ्यात शेजारचा माग बंद पडला. माग दुरुस्त करणारा जॉबर आला. साठीचा माणूस, बनियनवर तेलाचे डाग. त्यानं आडवं सूत नेणारा धोटा काढून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग मागाखाली आडवा होऊन काहीतरी आवळलं. माग पुन्हा खडखडू लागला.

हात पुसत तो माझ्यामागे येऊन उभा राहिला. “काय झालंय?”

“आत काहीतरी चुकलंय.”

“मग उघडून बघा की.”

“हे उघडत नाही, काका. बंदच येतं.”

धडधडीत खोटं. आतल्या कोडची ओळन् ओळ समोर स्क्रीनवर होती. सात वर्षं मी फ्रेमवर्कच्या तयार सांगाड्यावर साइटी उभ्या करतोय. त्याखालची जावास्क्रिप्ट ही भाषा कधी शिकलोच नाही. त्या ओळी वाचता येत नव्हत्या मला.

त्याला मात्र ते खरं वाटलं. “न उघडता दुरुस्त करायचं? लई अवघड काम हाय की तुमचं!” म्हणत त्यानं स्वतःसाठी आलेला चहा माझ्यापुढे सरकवला.

तो चहा मी प्यालो.